तापसोबांची हिमवादळी इंग्रजी

“तापसोबा, तुझ्यात इंग्रजी शिरायची म्हणजे दगडात पाऊस शिरायचा!”

कुदुगूच्या शाळेतल्या यामेओगो मास्तरांचा हा आवाज. मास्तरांना मातीआड होऊन कैक पावसाळे झाले, त्यांच्या कबरीवरच्या कडुनिंबाची सावलीसुद्धा आता म्हातारी झाली; पण आवाज काही गेला नाही. दात घासताना, मोटरसायकलला किक मारताना, साहेबांपुढे फाइल धरताना तो अनातोल तापसोबांच्या उजव्या कानात कुठूनतरी उगवे आणि आपलं काम करून निघून जाई. माणसं निवृत्त होतात. आवाजांना निवृत्ती नाही.

आता तापसोबा म्हणजे काही दगड नव्हेत. वागादुगूच्या पाणीखात्यात ते विभागप्रमुख. गोल फिरणारी खुर्ची, दारावर नाव, आणि फ्रेंच इतकी उंची की त्यांचा तंबीचा कागद हाती पडला की कारकून आधी शब्दकोश उघडत आणि मग रडत. पण असा हा माणूस दर रविवारी फोनसमोर बसला की मुका होई. कारण फोनमध्ये नाओमी असे.

नाओमी त्यांची नात, एस्तेलची मुलगी. अमेरिकेत बफेलो नावाच्या गावी जन्मली. (रानम्हशीचं नाव गावाला देणाऱ्या लोकांत आपली लेक नांदते, याचं फिलोमेनला, म्हणजे तापसोबांच्या बायकोला, अजूनही वाईट वाटे.) नातीला येई फक्त इंग्रजी. एकदा तिने डोळे मोठ्ठे करून आजोबांना काहीतरी लांबलचक विचारलं. तापसोबांनी घसा साफ केला आणि जवळ होता नव्हता तो शब्द काढून दिला, “येस.”

एस्तेल हसली. “पप्पा, ती विचारत होती, तुम्ही फोनच्या आत राहता का?”

त्या दिवसापासून अमेरिकेत एक पोर फोन चार्जिंगला लावताना त्याला हळूच टाटा करू लागली.

इथवर गोडच होतं. पण पुढे पुढे तापसोबांना वेगळीच शंका येऊ लागली. नात भरभरून बोले, हातवारे करी, मधेच ओठ काढी, आणि एस्तेल मधे उभी राहून भाषांतर करी, “ठीक आहे म्हणतेय.” पुढच्या रविवारी, “बरी आहे म्हणतेय.” त्याच्या पुढच्या रविवारी नुसतंच, “काही नाही.” टाकीतून एवढं पाणी सुटतं आणि नळाला थेंब येतो, म्हणजे मधे कुठेतरी गळती आहे. पाणीखात्यातल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. तापसोबांनी ठरवलं, मधला नळच काढून टाकायचा. इंग्रजी शिकायची, नातीशी आपण बोलायचं, लेकीचं काय चाललंय ते आपल्या कानांनी ऐकायचं.

बेत अंगणात जाहीर झाला आणि सल्ल्यांचं पीक आलं. न्हावी म्हणाला, “साहेब, झोपताना इंग्रजी रेडिओ उशाखाली ठेवा, आपोआप मुरते.” ठेवला. मान आखडली, मुरलं काहीच नाही. फिलोमेन म्हणाली, “एस्तेलचे पप्पा, आधी ऐकायला शिका. आपल्या घरच्या मूरे भाषेत बोललेलं तरी तुम्ही कुठे ऐकता?” आणि शेजारचे मातियास तोए, औषधाच्या दुकानाचे मालक, कुंपणावरून ओरडले, “अरे गुलामा, तुझं फ्रेंच ऐकून फ्रेंच लोक देश सोडून गेले. आता इंग्रजांनी तुझं काय घोडं मारलंय?”

“कुत्रं खाणाऱ्यांनी भाषेबद्दल बोलू नये,” तापसोबा म्हणाले. “तोंड आधी धुऊन ये.”

कुणी नवखा असता तर त्याला वाटलं असतं, आता डोकी फुटणार. पण तापसोबा मोसी आणि तोए सामो. या दोन जमातींचं नातं आजा-पणज्यापासून थट्टेचं. भेटताक्षणी एकमेकांची अब्रू काढायची. आणि एखाद्या दिवशी काढली नाही, तर घरी कुणी आजारी आहे का म्हणून विचारायला जायचं. तेव्हा तोएंनी आणखी चार अपशब्द काढले आणि संध्याकाळी तापसोबांनी इंग्रजीच्या ज्या वर्गात नाव घातलं त्यात स्वतःचंही घातलं. गुलामाला एकटा सोडायचा कसा?

वर्ग भरे मोहल्ल्यातल्या शाळेत, पहिलीच्या खोलीत. बाकं पहिलीची, गुडघे विभागप्रमुखांचे. हनुवटीला गुडघे लावून बसलेल्या माणसाने अब्रू कुठे ठेवायची हा प्रश्न कुठल्याच व्याकरणात सुटलेला नाही. शिकवायला बाझिए सर. भला माणूस, पण त्यांच्याकडे धडा एकच. कधीकाळी एकदा इंटरनेट नीट चाललं होतं, तेव्हा त्यांनी एक इंग्रजी बातमी शब्दार्थांसकट उतरवून घेतली होती: “अमेरिकेत भीषण हिमवादळ.” त्यानंतर इंटरनेट पुन्हा तसं चाललं नाही. म्हणून वागादुगूच्या त्या मोहल्ल्यात जे जे कुणी इंग्रजी शिकले ते हिमवादळातूनच शिकले. त्यांना टोमॅटोचा भाव विचारता येत नसे, पण दारातला बर्फ फावड्याने कसा उपसावा हे ते सहज सांगत.

बाहेर हरमटान सुटलेला. वाळवंटाकडून येणारा तो कोरडा वारा. धूळ दारात, धूळ ताटात, बोलायला तोंड उघडावं तर धूळ देवाच्या नावात. ओठ फुटलेले, टाचा फुटलेल्या. आणि आत बाझिए सर सावरीचा कापूस मुठीतून उधळत सांगत, “हा हिम. हा असा पडतो. आता सगळ्यांनी थरथरा.” वर्ग घाम पुसत थरथरे. मग समूहपठण होई: “रस्ते बंद आहेत! घराबाहेर पडू नका!” रस्त्यापलीकडे एक घानाचा पंक्चरवाला होता. त्याला इंग्रजी चांगलं कळे. पहिल्याच संध्याकाळी त्याने हे ऐकलं, हातातलं चाक टाकलं, दुकान बंद केलं आणि घरी गेला. आमच्या शहरात असली वाक्यं लष्कराने सत्ता घेतली की रेडिओवर लागतात; ती कानावर आली की शहाणा माणूस कारण शोधत नाही, कुलूप शोधतो.

तापसोबांची प्रगती दांडगी होती. एकदा सरांनी वाक्य दिलं: वादळात साठ जण ‘इंज्युअर्ड’ झाले. तापसोबा बाकातून जमेल तेवढे उभे राहिले. फ्रेंचमध्ये ‘इंज्यूर’ म्हणजे शिवी. त्यांनी छाती काढून अर्थ सांगितला, “वादळाने साठ माणसांना शिव्या दिल्या.”

सरांनी कागदाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. शब्दार्थांत तो शब्द नव्हता. “बरोबर,” ते म्हणाले.

“फक्त साठ?” तोए मागून बोलले. “एवढ्या मी सकाळच्या चहाआधी देतो. त्या बिचाऱ्यांच्या देशात सामो नसतील, म्हणून हवामान खात्याला हे काम करावं लागतं.”

आणि वर्गाने मान्य केलं की अमेरिकन माणसाचं आणि वादळाचं नातं थट्टेचं असावं. त्यामुळे तापसोबांना फार धीर आला.

मग जानेवारीत उशाखालच्या इंग्रजी रेडिओनेच सांगितलं: बफेलोवर मोठं हिमवादळ आलंय. सगळ्या मोहल्ल्यात बातमी समजलेला माणूस एकच. तापसोबा रविवारची वाट बघत बसले, आणि फोन लागताच त्यांनी आयुष्यातलं पहिलं इंग्रजी वाक्य लेकीला अर्पण केलं, “एस्तेल, दारातला बर्फ उपसला का?”

एस्तेलच्या मागे पांढरी भिंत, तिच्या अंगात बिनबाह्यांचा झगा. मग ती फ्रेंचमध्ये म्हणाली, “हो पप्पा. उपसला.”

“उघड्या दंडांनी?”

“घर आतून तापवतात इथे.”

“आणि जावईबापू?”

“बाहेर आहेत. बर्फ उपसतायत.”

पुढच्या रविवारीही जावई बर्फ उपसत होते. त्याच्या पुढच्या रविवारीही. फिलोमेन म्हणाली, “पोरगी इंजिनियरला दिली होती ना आपण?” तापसोबा म्हणाले, “भीषण हिमवादळात सगळे समान असतात. धड्यात आहे.” लेकीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, तीही त्यांनी बर्फाच्याच खात्यात टाकली. शब्द माहीत असला की माणसाला वाटतं, गोष्टही माहीत आहे.

मग फिलोमेनने बोचकं बांधलं. तिच्या बहिणीने विणलेलं जाड सुती पांघरूण, आणि त्याच्या घडीत आमटीला लावायच्या सुंबालाचे गोळे. आंबवलेल्या बियांचा तो वास! भिंतीपलीकडून भूक लावणारा, आणि भूक नसलेल्याला गाव सोडायला लावणारा. बांधताना ती गुणगुणत होती:

“लेक दिली दूर देशी, वाट गिळली वाऱ्यानं,
कशी ओळखू गं बाई, दार झाकलं पाऱ्यानं.”

“पाऱ्याने नाही, बर्फाने,” तापसोबा म्हणाले.

“तुमचा बर्फ ओवीत बसत नाही,” ती म्हणाली.

टपाल कचेरीतल्या बाईने बोचक्याला नाक लावलं आणि खुर्ची मागे सरकवली. “आत काय?”

“सुंबाला.”

“परदेशी माल. नाव इंग्रजीत लिहा.”

हिमवादळाच्या धड्यात सुंबाला नव्हता. तापसोबांनी डोक्यातली सगळी कपाटं धुंडाळली आणि हाती आला तो सर्वांत भारदस्त शब्द लिहिला: आणीबाणीचं साहित्य. बाईने ते वाचलं आणि साहेबाला बोलावलं. साहेबाने वाचलं आणि पहारेकऱ्याला बोलावलं. एवढ्या वासाची आणीबाणी पाठवायची तर पीकरोग कचेरीचा दाखला लागेल, असं ठरलं. पीकरोग कचेरीत साहेब जेवायला गेले होते. उद्या या. उद्या शिक्का जेवायला गेला होता. आयुष्यभर लोकांना ‘उद्या या’ सांगितलेला माणूस त्या बाकावर बसून ‘उद्या’ या शब्दाचा खरा अर्थ शिकला. त्याला भाषांतर लागलं नाही. शेवटी तपासणी अधिकाऱ्याने दोन गोळे नमुना म्हणून ठेवून घेतले आणि डब्यातल्या भातावर कुस्करून तपासले. रोग आढळला नाही. बोचकं गेलं.

आणि मार्चच्या अखेरीस, डांबर चपलेला चिकटत होतं, वीज दिवसातून अनेकदा जात होती आणि मोहल्ला वैतागून झाडाखाली निजत होता, अशा दुपारी ते परत आलं. सुंबालाने समुद्र दोनदा ओलांडला होता आणि प्रवासाने त्याचा स्वभाव अधिकच उघडा झाला होता. वरती लाल शिक्का: ‘मूव्हड, लेफ्ट नो अॅड्रेस.’

तापसोबांनी तो वाचला. पुन्हा वाचला. मग अनवाणी तोएंच्या दुकानात गेले, आणि दोघे मिळून बाझिए सरांकडे. त्या दिवशी कुणी कुणाला शिवी दिली नाही, म्हणून दुकानातली गिऱ्हाइकंही मागोमाग आली.

सरांनी धडा काढला. कागदाच्या घड्या फाटून खिडक्या झाल्या होत्या. “‘मूव्हड’,” ते म्हणाले, “आहे आपल्याकडे. ‘लोकांना निवाऱ्यात हलवण्यात आलं.’ म्हणजे हलवलं. वादळाने.”

“आणि ‘लेफ्ट’?”

“लेफ्ट म्हणजे डावीकडे.” हे सरांना नक्की माहीत होतं. “घर डावीकडे हललेलं आहे. ‘नो अॅड्रेस.’ पत्ता उरलेला नाही.”

मग एक गिऱ्हाईक म्हणालं, “डावीकडे म्हणजे, रस्त्यावरून बघताना, की घरातून?” यावर मतं पडली. एक म्हणे, टपालवाला रस्त्यावर असतो, म्हणून त्याच्या डावीकडे. दुसरा म्हणे, घराची डावी बाजू घराच्या मालकीची. तोएंनी काठीने मातीत घर काढलं, सरकवलं, पुसलं, पुन्हा काढलं. तेवढ्यात मागून फिलोमेनचा आवाज आला. पदर खांद्यावर तसाच, हात पिठाचे.

“आणि माणसं?” ती म्हणाली. “घर डावीकडे गेलं. आतली माणसं कुठे गेली?”

‘लेफ्ट’ या शब्दाला ‘सोडून गेले’ असाही अर्थ असतो, हे त्या धड्यात नव्हतं. त्या धड्यात कुणी कुणाला सोडून जातच नव्हतं. सगळे आपापल्या घरात एकत्र अडकून पडले होते.

फोन लागेना. सारखी एक बाई यंत्रातून इंग्रजीत काही सांगे, आणि तिच्या बोलण्यात बर्फाचा एकही शब्द नसल्याने तापसोबांना ते कळेना. ते अमेरिकेच्या वकिलातीत गेले. पहारेकऱ्याने विचारलं, काम काय. तापसोबा म्हणाले, “माझ्या मुलीचं घर डावीकडे सरकलंय.” पहारेकऱ्याने हातातली काठी बाजूला ठेवली आणि तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, “बाबा, घरचं कुणी आलंय का सोबत?” पाणीखात्याच्या विभागप्रमुखाशी आजवर कुणी इतक्या मायेने बोललं नव्हतं. ते फाटकाबाहेरच्या दगडावर बसले आणि बसूनच राहिले. उजव्या कानात यामेओगो मास्तर आले. दगडात पाऊस.

रविवारपर्यंत अंगण भरलं. बातमी कुदुगूपर्यंत गेली होती आणि जाता जाता मोठी झाली होती. भावकीने बाकडी आणली, कुणी चघळायला कोलाची कडू फळं आणली, कढईत शेजारणींनी भेंडीची आमटी चढवली. बाया हलक्या आवाजात गात होत्या. कुणी कशाचं नाव घेत नव्हतं, पण सगळे ज्या तऱ्हेने बसले होते त्या तऱ्हेने माणसं एकाच कारणासाठी बसतात. तापसोबा आंब्याखाली खुर्चीत होते. लोक येत, हात हातात घेत, डोकं हलवत. एक चुलते म्हणाले, “हिम कसलं, कुणाची तरी नजर आहे. मी तेव्हाच सांगितलं होतं, एवढ्या लांब देऊ नका.” त्यांनी तेव्हा लग्नात सगळ्यांत जास्त जेवून, सगळ्यांत आधी आशीर्वाद दिला होता, पण तापसोबांना वाद घालायचं बळ नव्हतं.

आणि फोन वाजला.

पडद्यावर एस्तेल. पांढरी भिंत, उघडे दंड. अंगणात एकच कालवा उठला. “जिवंत आहे!” “देवाची कृपा!” फिलोमेन फोनच्या काचेवरून हात फिरवत होती, “लेकरा, घर जागेवर आलं का गं?”

एस्तेल गोंधळून पाहत होती. “मम्मा, इतकी माणसं का जमलीयत? कोण गेलं?”

“तू,” तोए म्हणाले. “आता आमटीचं काय करायचं ते सांग.”

हशा पिकला, रडण्याच्या काठावरचा, मोठा. तापसोबा हसले नाहीत. त्यांनी बोचकं उचलून फोनसमोर धरलं. लाल शिक्का लेकीने वाचला. तिचे डोळे एकदा बापाकडे, एकदा त्याच्या मागच्या गर्दीकडे. त्या गर्दीत तिच्या लग्नाला नाचलेला एकेक माणूस होता.

गळती कुठे आहे, ते तापसोबांना त्या क्षणी दिसलं. काय वाहून गेलं ते मात्र कळत नव्हतं. सगळं अंगण त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होतं, आणि लेक फ्रेंचमध्ये बोलू शकत नव्हती, मूरेत तर नाहीच. त्यांनी घसा साफ केला. घाम पुसला. आणि मोडकंतोडकं, एकेक शब्द विटेसारखा रचत, इंग्रजीत म्हणाले, “एस्तेल. तू बोल. इथे कुणाला कळत नाही.”

“काय म्हणाला? काय म्हणाला?” अंगण विचारू लागलं.

एस्तेलने बापाकडे असं पाहिलं, जसं कधी पाहिलं नव्हतं. मग तीही इंग्रजीत बोलू लागली, सावकाश, सोपं करून, जसं ती नाओमीशी बोलत असेल.

ती म्हणाली की ती बफेलोत नाही. मागच्या पावसाळ्याच्या आधीपासून नाही. दूर दक्षिणेकडच्या एका शहरात आहे, ती आणि नाओमी, दोघीच. तो नाही. तो कुठे आहे ते तिला माहीत नाही. रात्री ती म्हाताऱ्या माणसांच्या घरात कामाला जाते, त्यांना पुसते, कूस बदलून देते. म्हणून फोन बंद असतो.

तोए दोन पावलांवर उभे होते. तेही त्याच वर्गातले. त्यांचा चेहरा बदलला. मग ते एकदम गर्दीकडे वळून गरजले, “अरे, या मोसींच्या घरी मेलेल्यालासुद्धा चहा मिळत नाही का? उठा! तो कंजूष फोनवर आहे तोवर त्याचे आंबे तोडून घ्या!” आणि त्यांनी खरोखरच चुलत्यांच्या हातात काठी दिली. सगळं अंगण ओरडत, हसत, भांडत आंब्याच्या दुसऱ्या बाजूला गेलं. फिलोमेन तेवढी हलली नाही. तिला शब्द कळत नव्हते. ती लेकीचा चेहरा वाचत होती.

“तुम्ही दर रविवारी बर्फाचं विचारायचात,” एस्तेल म्हणाली. “मला बरं वाटायचं. बर्फाचं विचारताय तोवर दुसरं काही विचारणार नाही म्हणून.”

तापसोबा मनातल्या मनात सगळा धडा चाळत होते. वादळाला शब्द होता, गोठलेल्या रस्त्याला होता, फावड्याला होता, पडलेल्या विजेच्या तारांना होता. लेकीला द्यायला त्यात काहीच नव्हतं. शेवटी त्यांना एक सापडला, अगदी पहिल्या ओळीतला. तो त्यांनी पुढे केला.

“थंडी… वाजते?”

“नाही पप्पा. इथे ऊन आहे. आपल्यासारखंच.” तिने मागे वळून पाहिलं, दुसऱ्या खोलीत पोर काहीतरी गात होती. मग ती फोनच्या इतकी जवळ आली की पडद्यावर नुसते डोळे उरले. आणि जे वर्षभर तिने भाषांतरातून गाळलं होतं ते ती म्हणाली, एवढ्या साध्या इंग्रजीत की यामेओगो मास्तरांच्या सगळ्यांत ढ विद्यार्थ्यालाही त्यातला शब्द न् शब्द कळला.

“पप्पा, मला घरी यायचंय.”